दोन भाषांवर फोडलेले खापर

चार वर्षांचे मूल अजून नीट बोलत नाही म्हणून आईवडील डॉक्टरांकडे जातात, तेव्हा त्यांना बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले उत्तर धीराचे: घरी मराठी, शाळेत इंग्रजी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलणाऱ्या, म्हणजे गोंधळ होणारच, थांबा, येईल हळूहळू. दुसरे उत्तर उपायाचे: घरात एकच भाषा ठेवा, आणि ती शाळेची ठेवा. एक उत्तर काहीच करू नका म्हणते, दुसरे सगळे घरच बदलायला सांगते. वरवर ही दोन टोके दिसतात, पण दोघांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे: मुलाच्या अडचणीचे कारण त्याच्या कानावर पडणाऱ्या दोन भाषा. संशोधनात हे गृहीतक कधीच मागे पडले. दवाखान्यांत, शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभांत मात्र ते अजून ठाण मांडून आहे. बालवाडीपासून इंग्रजी हा आता महाराष्ट्रात श्रीमंतांपुरता प्रश्न उरलेला नसल्यामुळे या गैरसमजाचे परिणाम पूर्वीपेक्षा किती तरी अधिक मुलांना भोगावे लागणार आहेत.

आधी विकार कशाला म्हणायचे ते पाहू. काही मुलांना ऐकू नीट येते, त्यांच्यात बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता नसते, मेंदूला इजा झालेली नसते, घरात त्यांच्याशी बोलणारी माणसेही असतात. तरीही भाषा शिकणे त्यांना विलक्षण जड जाते. शब्द उशिरा येतात. वाक्ये तोकडी राहतात, प्रत्यय गळतात, ओळखीचा शब्दही वेळेवर आठवत नाही. ‘आधी हात धू आणि मग ताटली घेऊन ये’ अशी दुहेरी सूचना पेलत नाही. काल काय घडले ते ओळीने सांगता येत नाही. याला पूर्वी ‘स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट’ म्हणत. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने 2016-17मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’, म्हणजे विकासात्मक भाषाविकार, या नावावर एकमत घडवून आणले. ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणणारा बोबडेपणा हा याहून वेगळा. तो उच्चाराचा प्रश्न आहे. भाषाविकारात उच्चार स्वच्छ असूनही वाक्य उभे राहत नाही, असे होऊ शकते. हा विकार पुष्कळदा घराण्यात चालत येतो, आणि अशा मुलांना पुढे वाचन जड जाण्याचा धोका इतरांपेक्षा बराच मोठा असतो.

हा विकार दुर्मीळ नाही. अमेरिकेत ब्रूस टॉम्बलिन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बालवर्गातल्या सुमारे 7.4 टक्के मुलांत तो आढळला. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातील 2016च्या अभ्यासातही जवळपास तेवढेच प्रमाण निघाले. तीस मुलांच्या वर्गात दोन, साठांच्या वर्गात चार, असा हा हिशेब आहे. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. टॉम्बलिन यांनी पाहणी केली ती मुले फक्त इंग्रजी बोलणारी होती. म्हणजे ज्यांच्या कानावर दुसरी भाषा पडलीच नाही, अशांतही तेरा-चौदांमागे एकाला हा विकार होताच. तो जडण्यासाठी दोन भाषांची गरज लागत नाही.

मग दोष दोन भाषांच्या माथी आला कुठून? त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. डी. जे. सेअर यांनी 1923मध्ये वेल्समधील सुमारे 1,400 मुलांच्या बुद्धिचाचण्यांवरून वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी खेड्यातली मुले मागे पडतात असा निष्कर्ष काढला. शहरी मुलांत तसा फरक दिसला नव्हता. खेडे आणि शहर, शेतकरी आणि नोकरदार यांच्या परिस्थितीतली तफावत हिशेबात न धरता दोष भाषांवर टाकला गेला, आणि पुढची कित्येक वर्षे हाच साचा गिरवला गेला. 1962मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी मॉन्ट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी ठेवून केली, तेव्हा द्विभाषिक मुले मागे नव्हती. उलट पुढे होती. दोन भाषांनी बुद्धी तल्लख होते असा दावा त्यानंतर फोफावला आणि आज तोही वादग्रस्त ठरला आहे. आपल्या प्रश्नासाठी त्या दाव्याची गरजच नाही. दोन भाषा वरदान असोत वा नसोत, त्या विकाराचे कारण नाहीत, एवढे पुरे.

हे थेट तपासणारा अभ्यास जोहान पॅराडिस, मार्था क्रागो, फ्रेड जेनेसी आणि मेबल राइस यांनी 2003मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी भाषाविकार असलेली, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही लहानपणापासून बोलणारी सात वर्षांच्या आसपासची मुले घेतली, आणि तोच विकार असलेल्या पण एकच भाषा बोलणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. इंग्रजीची इंग्रजीशी, फ्रेंचची फ्रेंचशी. विकाराची खूण मानल्या जाणाऱ्या क्रियापदाच्या काळांच्या रूपांत द्विभाषिक मुले अधिक चुकत नव्हती. दोन भाषांचे ओझे खरोखर असते, तर आधीच दुबळ्या असलेल्या या मुलांवर ते सर्वांत ठळक दिसायला हवे होते. गट लहान होता, द्विभाषिक मुले अवघी आठ. पण नंतरच्या अभ्यासांचाही कल त्याच बाजूला राहिला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबाबतही कॅनडात 2005 साली असाच निष्कर्ष निघाला: दोन भाषांत वाढणारी मुले एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे नव्हती.

इथवर गोष्ट सरळ आहे. अडचण निदानापाशी सुरू होते. दुसरी भाषा नव्याने शिकणारे निरोगी मूल आणि भाषाविकार असलेले मूल, ही दोघे एका विशिष्ट कोनातून पाहिल्यास हुबेहूब सारखी दिसतात. सांगलीहून येऊन इंग्रजी शाळेत बसलेला सहा वर्षांचा मुलगा ‘ही गो स्कूल’ म्हणतो. इंग्लंडमध्ये वाढलेले, इंग्रजीखेरीज काहीच न येणारे, भाषाविकार असलेले सहा वर्षांचे मूलही नेमके हेच वाक्य बोलते. पॅराडिस यांनी 2005मध्ये दाखवून दिले की इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणारी सर्वसाधारण मुले व्याकरणाची जी रूपे गाळतात, तीच रूपे विकारग्रस्त मुलेही गाळतात. केवळ शाळेच्या भाषेतली चूक ऐकून या दोघांना वेगळे काढणे कसलेल्या कानालाही कठीण आहे.

मराठी शाळेतही हेच घडते. घरी हिंदी बोलणारी मुलगी ‘माझी पुस्तक हरवली’ म्हणते, कारण तिच्या भाषेत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. ‘मीने भात खाल्ला’ म्हणते, कारण तिच्या घरी ‘मैंने’ आहे. या चुका नियम पाळणाऱ्या आहेत; एका भाषेचा नियम ती दुसरीत लावते आहे, म्हणजे तिच्याकडे नियम आहेत. ‘आई, मी बॉल थ्रो केला’ हे वाक्यही आपण उगाच काळजीच्या खात्यात टाकतो. त्यात शब्द इंग्रजी असले तरी रचना अस्सल मराठी आहे. बॉलला पुल्लिंग दिले आणि ‘केला’ त्याला जुळवून घेतले. भाषांची सरमिसळ ही द्विभाषिक समाजातली रीत आहे, लक्षण नव्हे. शब्दसंग्रहाचेही तसेच. द्विभाषिक मुलाचे इंग्रजी शब्द वेगळे मोजले तर कमी भरतात, मराठी वेगळे मोजले तरी कमी भरतात. काही शब्द घरात भेटतात, काही शाळेत. दोन्हींची बेरीज केल्यावरच खरा साठा कळतो.

म्हणून या क्षेत्रातली कसोटीची गोष्ट एकच आहे: विकार खरा असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. शिकण्याची यंत्रणाच कमजोर असेल तर ती इंग्रजीत कमजोर आणि मराठीत ठणठणीत असे होत नाही. जे मूल आजीला घरच्या भाषेत कालच्या जत्रेची हकिकत पाळण्यापासून भांडणापर्यंत सांगू शकते, त्याला शाळेत गप्प बसल्याबद्दल विकाराची चिठ्ठी लावता येत नाही. आणि जे मूल घरच्या भाषेतही अडखळते, त्याच्या बाबतीत ‘दोन भाषांमुळे होते असे’ हा दिलासा घातक आहे.

त्यामुळे एकाच भाषेत तपासणी केल्याने दोन उलट्या चुका होतात. पहिली चूक निरोगी मुलाला आजारी ठरवण्याची. कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना इंग्रजी बुद्धिचाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. त्यांची स्पॅनिशमध्ये पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बहुतेकांचे गुण त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर गेले. हा खटला ‘डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ’ या नावाने ओळखला जातो. 1970मध्ये त्यात तडजोड झाली आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घ्यावी हे बंधन तिथल्या शाळांवर आले. दुसरी चूक याच्या नेमकी उलट, आणि आपल्याकडे मला ती अधिक मोठी वाटते: खऱ्या विकाराला दोन भाषांच्या पदराआड झाकण्याची. पहिल्या चुकीत निदान मुलाच्या अंगावर येते, म्हणून कोणी तरी कोर्टात जाते. दुसऱ्या चुकीत काहीच घडत नाही. मूल तिसरीत पोहोचते, वाचता येत नाही म्हणून मार खाते, आळशी ठरते, आणि पहिली पाच वर्षे निघून गेलेली असतात.

‘घरात मराठी बंद करा’ हा सल्ला यात आणखी भर घालतो. त्याचा पहिला तोटा उघड आहे. ज्या आईचे इंग्रजी दहा-वीस ठरावीक वाक्यांपुरते आहे, ती मुलाशी ‘कम हिअर’, ‘इट फास्ट’, ‘डोन्ट डू’ एवढेच बोलू लागते. कारण विचारणे, चिडवणे, गोष्ट रंगवणे, भांडण मिटवणे हे सगळे घरातून उठून जाते. भाषेसाठी धडपडणाऱ्या मुलाला अधिक आणि अधिक चांगले बोलणे ऐकायला मिळायला हवे. त्याला मिळते थोडे आणि मोडके. परदेशांतल्या मराठी कुटुंबांनाही पाळणाघरातून किंवा शाळेतून असा सल्ला मिळतो. तिथे तर घर हाच मराठीचा एकमेव आसरा असल्याने सल्ला पाळला की वर्षा-दोन वर्षांत आजीआजोबांशी बोलणेच संपते.

दुसरा तोटा मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही, आणि या लेखाचा खरा इशारा तोच आहे. घरची भाषा बंद केली की निदानाचा पुरावाही नष्ट होतो. चार वर्षांच्या मुलाची मराठी ऐकून आपण सांगू शकतो की यंत्रणा धड आहे की नाही. तेच मूल आठ वर्षांचे होईपर्यंत मराठी वापराअभावी झिजलेली असते आणि इंग्रजी अजून पुरती बसलेली नसते. अभ्यासाच्या पुस्तकांतली भाषा आत्मसात व्हायला पाच ते सात वर्षे लागतात, असे जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून फार पूर्वीच मांडले होते. आता त्या मुलाला दोन्ही भाषांत तपासा, दोन्हींत ते कमीच भरेल. हा विकार आहे की घरातून केलेल्या उच्चाटनाचा परिणाम, हे सांगणे आता तज्ज्ञालाही अवघड. उपाय म्हणून दिलेल्या सल्ल्याने रोगाचीच नक्कल उभी केली.

आजवर हा प्रश्न शहरी इंग्रजी शाळांपुरता मांडला गेला, पण महाराष्ट्रात त्याचे सर्वांत जुने रूप आश्रमशाळांत आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलली जाते, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरांत भिल्ली बोली. कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविडी. मराठीशी त्यांचे घराणे जुळत नाही. या मुलांसाठी पहिलीची मराठी ही आपल्या मुलांच्या इंग्रजीइतकीच परकी असते, आणि शिक्षकाला बहुतेक वेळा त्यांची भाषा येत नाही. अख्खा वर्ग महिनोन्‌महिने गप्प राहतो. मग निरोगी मुलांना ‘मठ्ठ’ हा शेरा मिळतो. पण त्या वर्गात खरोखर भाषाविकार असलेली दोन-तीन मुलेही असतात, आणि सगळेच गप्प असताना ती कोणाच्या नजरेस पडणार? जिथे पूर्ण वर्ग परक्या भाषेत बसलेला आहे, तिथे विकार शोधण्याची शाळेची क्षमताच संपते. गल्लोगल्ली उघडलेल्या इंग्रजी नर्सरींनी हीच अवस्था आता तालुक्याच्या गावांत आणली आहे. ज्युनिअर केजीतली पंचवीस मुले एका सुरात बडबडगीत म्हणतात आणि पालक खूश होतात. त्यांतल्या कोणाला स्वतःचे वाक्य रचता येत नाही, हे त्या सुरात ऐकू येत नाही.

शासनयंत्रणेत या मुलांसाठी कागदावर जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013मध्ये सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जातात, आणि तपासायच्या बाबींच्या यादीत भाषाविकासातला विलंबही आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. पण पथक एका दिवसात शंभरएक मुले पाहते आणि बोलते मराठीत. कोरकू घरातले मूल गप्प राहिले, तर तो लाजाळूपणा, परकी भाषा की विकार, हे त्या काही मिनिटांत ठरणे शक्य नाही.

कायद्याची बाजूही अशीच अर्धवट आहे. दिव्यांग हक्क अधिनियम 2016मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा अफेझिया (मेंदूच्या इजेने भाषा हरपणे) यांसारख्या कारणांनी आलेल्या कायमस्वरूपी दोषाभोवती फिरते. विकासात्मक भाषाविकार तिच्यात सहज बसत नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बोलल्या जाणाऱ्या भाषेचा उल्लेख आहे, पण तिथले प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते आणि प्रत्यक्षात भर वाचन-लेखनावर असतो. म्हणजे जी तीन ते सात वर्षे उपचाराला सर्वांत अनुकूल, नेमकी तीच या रचनेच्या बाहेर पडतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतक्या भाषा कोणत्या तज्ज्ञाला येणार? मुंबई महापालिकेच्याच शाळा आठ माध्यमांत चालतात; प्रत्येक भाषेची प्रमाणित चाचणी कुठून आणायची? आक्षेप खरा आहे, पण तो जितका अभेद्य वाटतो तितका नाही. 2009 ते 2013 या काळात युरोपातील अनेक देशांच्या संशोधकांनी शॅरन आर्मॉन-लोटेम यांच्या नेतृत्वाखाली नेमका हाच प्रश्न हाताळला. त्यातून पुढे आलेली साधने साधी आहेत. निरर्थक शब्द ऐकून जसेच्या तसे म्हणायला लावणे हे एक. असा शब्द कोणत्याच भाषेतला नसल्याने घरी कोणती भाषा बोलतात यावर तो फारसा अवलंबून राहत नाही, आणि विकार असलेली मुले तिथे लांब शब्दांवर घसरतात. वाक्य ऐकून पुन्हा म्हणणे हे दुसरे. सहा चित्रांवरून गोष्ट सांगणे हे तिसरे. त्यात व्याकरणाबरोबर घटनांची जुळणी कळते, आणि हे साधन पुढे कित्येक भाषांत उतरवले गेले.

याशिवाय ‘तपासा, शिकवा, पुन्हा तपासा’ ही पद्धत आहे. मुलाला आज काय येत नाही हे मोजून थांबायचे नाही. थोडे शिकवून ते किती वेगाने उचलते ते पाहायचे. ज्याला केवळ संधी मिळाली नव्हती ते भराभर पुढे जाते. ज्याला विकार आहे ते मदत मिळूनही रेंगाळते. आणि ज्या साधनाला पैसे पडत नाहीत ते म्हणजे आईला विचारलेले नेमके प्रश्न. पहिला शब्द केव्हा आला, पहिली दोन शब्दांची जोडणी केव्हा झाली, भावंडे या वयात कशी बोलत होती, नातेवाइकांना याचे बोलणे कळते का, घराण्यात कोणी उशिरा बोलले का, दिवसातून किती वेळ कोणती भाषा कानावर पडते. एडमंटनमध्ये स्थलांतरित कुटुंबांना मातृभाषेतल्या वाढीबद्दल असेच प्रश्न विचारून पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी 2010मध्ये दाखवले की या उत्तरांनी निरोगी मुलांवर चुकीचा शिक्का बसणे बरेच टळते. विकार असलेली काही मुले मात्र एवढ्यावर निसटतात, म्हणून प्रत्यक्ष तपासणी सुटत नाही. या सगळ्याच्या आधी श्रवणचाचणी झालीच पाहिजे, कारण कानातली कमतरता भाषेच्या नावावर खपवली जाण्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

यातले बहुतेक सारे आजही करता येईल. बालरोगतज्ज्ञाने ‘थांबा’ म्हणण्याआधी मूल घरच्या भाषेत कसे बोलते हे विचारावे आणि शक्य तर पाच मिनिटे ते ऐकावे. भाषा येत नसेल तर आईने फोनवर केलेले ध्वनिमुद्रण तिच्याच मदतीने समजून घ्यावे. स्पीच थेरपिस्टने अहवालात चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे लिहावे, आणि ती मुलाची घरची भाषा नसेल तर ‘विकार’ हा निष्कर्ष काढू नये. मुख्याध्यापकांनी घरची भाषा बदलण्याचा सल्ला देणे बंद करावे. तो त्यांच्या अधिकारातला नाही आणि त्यामागे पुरावाही नाही. आदिवासी विकास विभागाने पथकांसोबत गावातली त्या भाषेची जाणकार व्यक्ती मानधन देऊन पाठवावी. पालकांनी दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, चार वर्षांच्या मुलाचे बोलणे घरच्या भाषेतही परक्याला कळत नसेल, तर वाट न पाहता तपासणी मागावी, आणि तपासणी चालू असतानाही घरात आपल्याला मनापासून येणाऱ्या भाषेतच बोलत राहावे. विकार निघाला तरी ती भाषा उपचाराचा आधार आहे. न निघाला तर तीच त्याचा पुरावा आहे.

मराठी शाळा वाचवाव्यात की इंग्रजी शिकवावे, हा वाद इथे सोडवायची गरज नाही. आपली मुले दोन-तीन भाषांत वाढत आली आहेत आणि वाढणार आहेत. प्रश्न एवढाच की या समाजात मुलाची भाषा मोजायची पट्टी अजून एका भाषेची राहिली आहे. ती बदलेपर्यंत शाळेच्या भाषेतून काढलेले प्रत्येक निदान हे निदान नसून अंदाज आहे, असे मानूनच पालकांनी ते हाती घ्यावे आणि ‘घरच्या भाषेत तपासले का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.